सिलिंडर कोण धरणार?

२६ मेला समुद्रातले जलक्रीडेचे धंदे बंद होतात ते ३१ ऑगस्टपर्यंत. देवबाग-तारकर्लीच्या बोटी वर ओढून ताडपत्रीखाली जातात, इंजिनं उतरवून पडवीत येतात आणि त्यांच्या मागोमाग ती चालवणारी पोरंही पडवीत येऊन बसतात. हाताला काम नसलं की बेत सुचतात. यंदाचा बेत बर्फाचा आहे. पाच मित्र, माणशी २५ हजार रुपये, फेब्रुवारी-मार्चमधले काही दिवस आणि स्नोबोर्डिंग. ह्या पाचांनी आजवर पाहिलेला बर्फ म्हणजे मासळीच्या क्रेटवर फोडून टाकतात तो.

बेताचा म्होरक्या स्कूबा गाइड आहे. त्याला आडवा येतोय त्याचा मामा, घाटमाथ्यावरच्या चौकुळचा. चौकुळ म्हणजे फौजींचं गाव आणि मामाही मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. गुलमर्गला लष्कराची एक शाळा १९४८ पासून आहे, आताची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. नोकरीत असताना तिथे त्यांनी स्कीचं हिवाळी प्रशिक्षण घेतलेलं. बर्फाबद्दल ते कौतुकाने कधीच बोलत नाहीत. पण त्यांचा विरोध जाण्याला नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचक त्यांना उगाच जुन्या वळणाचे ठरवून मोकळे होतील. बोलणं अर्थातच मालवणीत झालं. इथे ते बरंचसं छापील मराठीत आणलंय, काही वाक्यं मात्र जागची हलली नाहीत.

भाचा : हिशेब सोपा आहे मामा. पुण्याहून माणूस येतो. पोहता येत नाही, पाण्याकडे बघूनच तोंड उतरलेलं. त्याला आम्ही सूट चढवतो, तोंडात रेग्युलेटर देतो, नाकाने श्वास घेऊ नको म्हणून बजावतो, कान दडपले तर नाक चिमटीत धरून फुंकायला शिकवतो. हाताच्या चार खुणा. अर्ध्या तासात तो किल्ल्याच्या बाजूचे मासे बघून, फोटो काढून वर येतो आणि वर्षभर सांगत फिरतो. हजार-पंधराशेत काम. त्याला पाण्यात जमतं तर आम्हाला बर्फावर का जमू नये? चार दिवस जायचं, बोर्ड भाड्याने घ्यायचे, पहिला दिवस शिकवणारा, मग आमचे आम्ही.

मामा : खाली गेल्यावर त्या पुणेकराचा सिलिंडर कोण धरतो?

भाचा : मी. पाठीमागून.

मामा : जॅकेटात हवा किती भरायची, त्याला वर कधी आणायचा, कान दुखतोय का, हे कोण बघतो?

भाचा : मीच.

मामा : मग बुडी त्याने मारली की तू?

भाचा हसला. ह्याचं उत्तर त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! मालवणात स्कूबा म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं असंच असतं. गाइड पर्यटकाच्या मागे, थोडा वरच्या अंगाला राहतो. त्याचा एक हात सिलिंडरच्या मानेवर. त्या हाताने तो माणसाला वळवतो, खाली नेतो, खडकापासून लांब ठेवतो. पर्यटक पाय मारत असतो, पण त्या पायांचा प्रवासाशी काही संबंध नसतो. ह्यात फसवणूक नाही. घाबरलेल्या माणसाला पाण्याखाली नेऊन हसत वर आणणं हे मोठं कसब आहे. पण ज्याला खरोखर शिकायचंय त्याच्यासाठी तारकर्लीतच पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा संस्था आहे आणि ओपन वॉटरचा पहिला कोर्सच तीन-चार दिवस खातो. मुखवट्यात मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि पाण्याखालीच ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं, तोंडातला रेग्युलेटर सोडून पुन्हा शोधायचा, असले प्रकार भाच्याने स्वतः केलेत. म्हणजे चाखणं आणि शिकणं ह्यातला फरक त्याच्या अंगावरून गेलेला आहे. बर्फाच्या वेळी तो कसा विसरला, हे मला कोडंच आहे. बहुधा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून.

मामा : बर्फावर तुझा सिलिंडर धरणारा कोणी नसतो. शिकवणारा समोर उभा राहून दोन्ही हात धरील, दहा-वीस फूट घसरवील. सोडला की तू आणि उतार.

भाचा : तोल आपल्याला शिकवावा लागतो काय? उधाणात नाळेवर उभे राहणारे आम्ही.

मामा : नाळेवर पाय मोकळे असतात. तोल गेला की एक पाय आपसूक पुढे पडतो. बोर्डावर दोन्ही पाय एकाच फळीला आवळलेले. पाय हलत नाय म्हटल्यावर हात पुढे जातत. आणि मगे मनगट जाता.

इथे मामांना थोडी पुस्ती जोडतो, कारण ते स्कीवाले आहेत आणि बोर्डाला मनातून नावं ठेवतात. स्नोबोर्ड सपाट ठेवून चालवायची वस्तू नाही. ती कडांवर चालते. नवशिक्या आधी उताराला आडवा उभा राहतो, टाचेकडची कड बर्फात किंचित रोवून इंचाइंचाने खाली सरकतो. मग त्याच कडेवर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हे अंगवळणी पडायच्या आत बोर्ड सपाट पडला आणि खालच्या बाजूची कड रुतली की माणूस आपटतो. ह्या आपटण्याला सूचना नसते. पुढे पडला तर मनगटं आणि गुडघे, मागे पडला तर माकडहाड आणि डोकं. म्हणून पहिला धडा पडण्याचा. मुठी वळून कोपरापर्यंतचे हात टेकायचे, पंजे पसरायचे नाहीत. मागे जाताना हनुवटी छातीला लावून बसल्यासारखं व्हायचं. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड ही चैन नव्हे. स्कीचं उलट आहे. पहिल्याच दिवशी टोकं जवळ, शेपट्या लांब असा कोन करून थांबता येतं, पण पुढे चांगली यायला वर्षं जातात. बोर्ड पहिले दोन-तीन दिवस रडवतो आणि एकदा वळण साधलं की भराभर पुढे नेतो, असं दोन्ही केलेले लोक सांगतात.

आता हाच मुद्दा पैशात मोजा. चार दिवसांच्या सहलीत पहिले तीन दिवस रडण्याचे असतील तर बेत कशाचा केलाय?

मामांनी कागद मागवला. भाच्याचा कागद पाहण्यासारखा होता. गुलमर्गला डोंगर दिसणारी खोली, गोंडोला केबल कारचे दोन्ही टप्पे, शेकोटी, ड्रोनचा व्हिडिओ, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘शिकवणारा, १ दिवस’.

मामा : कागद उलटा धर. शिकवणारा वर. सगळे दिवस. पाचांत एक घेतलास तर माणशी किती पडतो ते बघ, तुझ्या खोलीच्या खिडकीपेक्षा स्वस्त असेल.

भाचा : खोलीत काटू?

मामा : खोलीत काट, खाण्यात काट, प्रवासात काट. गुलमर्गच्या वर राहू नको, खाली तंगमर्गला राहा, १३ किलोमीटर आहे, रोज जीपने वर जा. चेन लावलेली जीप बघून घे. दुसऱ्या टप्प्याचा गोंडोला तर खोडूनच टाक. तो अफरवटला जवळजवळ चार हजार मीटरवर सोडतो. तिथून खाली येणारा उतार नवशिक्यांसाठी नाही, हिमकडे सुटतात. तुमचं काम खाली, गोल्फच्या मैदानाजवळच्या लहान उतारांवर.

भाचा : एवढ्या लांब जाऊन मैदानात?

मामा : तुझा पुणेकर पहिल्याच दिवशी निवतीच्या खडकांवर चल म्हणाला तर नेशील?

भाच्याने दुसरा टप्पा खोडला. २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू गेला, ते मामांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. तारकर्लीच्या पोरांना अशी उदाहरणं बाहेरून आणावी लागत नाहीत. २४ मे २०२२ ला पर्यटकांची बोट इथेच उलटली आणि दोघे गेले, ते पाचांपैकी प्रत्येकाला आठवतं.

कपड्यांवरून मात्र खरी गंमत झाली. भाच्याने काटकसरीची एक नामी युक्ती काढली होती. डायव्हिंगचे निओप्रीनचे हातमोजे, बूट आणि सूट घरात पडलेले आहेतच, तेच न्यायचे. थंड पाण्यात चालतात ते थंड बर्फात चालणारच! ऐकायला पटतं, म्हणून ते कुठे चुकतं ते सांगितलं पाहिजे. वेटसूट अंगालगत पाण्याचा पातळ थर अडकवून ठेवतो, शरीर तो थर तापवतं आणि निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब टिकवतात. बर्फावर माणूस बाहेरून गोठतो आणि आतून घामाने निथळतो, कारण पडून उठून पडून उठून तो दमलेला असतो. निओप्रीन त्या घामाला बाहेर सोडत नाही. लिफ्टपाशी रांगेत दहा मिनिटं वाऱ्यात उभं राहिलं की तोच ओलावा हुडहुडी भरवतो. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस आणि वर वारा-पाणी अडवणारं काहीतरी, एवढं लागतं. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवायचं. मामांनी एक सवलत दिली. मासेमारीला वापरतात ती रेनकोटची पँट वरून चालेल, नवशिक्याचा निम्मा दिवस बसण्यातच जातो. पण ती गुळगुळीत असते. पडलात की थांबणार नाही, घसरत खाली जाल. म्हणून ती फक्त लहान उतारावर. हातमोजे मात्र भाड्याचे नकोत, विकतच घ्या.

प्रवासाचं गणित ह्या धंद्यातल्या माणसाला वेगळं मांडावं लागतं. भाचा म्हणाला, रविवारच्या बुड्या संपवून रात्री मोपावरून विमान धरीन, एक दिवस वाचेल. पण दिवसभर, रोज बुड्या मारणाऱ्याने शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसू नये हा डायव्हिंगचाच नियम. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा, उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. भाचा हा नियम पर्यटकांना पाठ म्हणून दाखवतो. स्वतःच्या वेळी पैसे आणि दिवस आडवे आले. म्हणजे रेल्वे, आणि ती स्वस्तही. मडगावला मंगला धरली की निजामुद्दीन. तिथून पुढे कटऱ्यापर्यंत गाडी आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगरही रेल्वेनेच. उत्तराखंडला जायचं तर तिरुवनंतपुरम नॉर्थहून (पूर्वीचं कोचुवेली) ऋषिकेशला जाणारी साप्ताहिक गाडी कोकण रेल्वेवरूनच जाते.

उत्तराखंड मध्येच कुठून आलं? तो मामांचा पर्याय. औली.

मामा : गढवाल मंडल विकास निगम औलीला सात आणि चौदा दिवसांचे स्कीचे कोर्स घेतं. राहणं, जेवण, सामान, शिकवणारा, सगळं एका फीमध्ये. गरिबाने सरकारच्या मेसमध्ये जेवून शिकावं. गुलमर्गलाही केंद्राच्या पर्यटन खात्याची संस्था आहे, १९६८ पासून. तिथेही चौकशी कर.

भाचा : औलीला स्की. आम्हाला बोर्ड हवा.

मामा : आधी बर्फावर थांबायला शिक. मगे फळी काय ती बघू.

भाचा : आणि औलीला बर्फच नाही पडला तर? २०२३ च्या फेब्रुवारीत स्पर्धा रद्द केल्या होत्या.

मामा : गुलमर्गला तरी कुठे हमी आहे? २०२५ च्या फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले, मार्चमध्ये झाले.

दोघेही खरं बोलत होते. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली होती, तरी आकाशाकडे बघणं काही सुटलेलं नाही. जोशीमठहून वर जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत जमीन खचल्यावर बंद झाला, तेव्हा तो धरून बेत करू नये, रस्त्यानेच जायचं ठरवावं. काश्मीरचं वेगळंच. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाचांपैकी एकाच्या घरून साफ नकार आहे. मामांनी बारा गावचं पाणी प्यायलंय, पण ह्या नकाराला ते हसले नाहीत.

तारखांचा गुंता तर खास मालवणी. बर्फ जानेवारी ते मार्च. मालवणचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत, त्यात नाताळ आणि मे सोडून जाणं म्हणजे लक्ष्मीला पाठ दाखवणं. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पूर्वार्ध जरा मोकळा. नेमकी त्याच सुमारास आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा येते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे तारीख जाहीर झाली की बोटावर दिवस मोजून तिकिटाला भिडायचं. जत्रेक चुकवलं तर आवस घरात घेवची नाय, असं भाचा म्हणाला, आणि ह्यावर कोणीही वाद घातला नाही. त्यानंतर शिमगा आहेच.

मग भाच्याने तो मुद्दा काढला ज्यावर मामांकडे उत्तर नव्हतं.

भाचा : मामा, तुम्ही शिकलात तेव्हा तुमचा पगार चालू होता. हुकूम होता, जेवण होतं, बूटसुद्धा सरकारचे. सात दिवसांचा कोर्स म्हणजे येणंजाणं, रस्ता बंद, सगळं धरून माझे बारा-तेरा दिवस. दोन शनिवार-रविवार गेले. माझी कमाईच शनिवार-रविवारची. एकाचं मोबाइलचं दुकान, एक जिल्हा परिषदेत शिक्षक, त्याला परीक्षेत रजा कोण देणार? पैसे आम्ही भिशीतून उभे करू. दिवस कुठल्या भिशीत मिळतात?

मामा : ...

भाचा : तुम्ही म्हणता चाखू नका, शिका. पण ज्याला शिकायला वेळ नाही त्याने चाखूही नये काय? आमच्याकडे येणारे लोक सगळे डायव्हर व्हायला येत नाहीत. तो पुणेकर ज्या तोंडाने वर येतो ना, ते तोंड मी रोज बघतो. ते खोटं नसतं.

मला विचाराल तर शिकवणाऱ्याच्या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे आणि दिवसांच्या बाबतीत भाच्याच्या. प्रवासावर लिहिणारे आम्ही लोक ‘कमी खर्चात’ म्हणताना फक्त रुपये मोजतो. ज्याला भरपगारी रजा नाही त्याच्या खर्चात बुडालेला रोज धरलाच जात नाही. आणि तो धरला तर मामांचीच बाजू पुन्हा जड होते, हे भाच्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मनगट मोडलं तर प्लास्टर सहा आठवडे. मार्चमध्ये मोडलं तर एप्रिल संपेपर्यंत सिलिंडर उचलता येणार नाही, मग मे कसा काढणार? एका दिवसाच्या शिकवणाऱ्याचे वाचवलेले पैसे असे परत जातात. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात, तो बारीक टाइपातला मजकूर शिक्षक मित्राकडून वाचून घ्यावा.

मामा : बरं. सात सोड. पण शिकायचे पाच दिवस. रोज, एकच शिकवणारा. सकाळी तीन तास त्याच्याबरोबर, दुपारी तेच गिरवायचं, नवं काही नाही. दुपारी दमलात की बंद. शेवटची एक घसरगुंडी म्हणून कोणी वर जायचं नाही, हाडं तेव्हाच मोडतात. आणि कुळथाचं पीठ ने. संध्याकाळी पिठी करून प्यायची, बाहेरच्या सूपचे पैसे वाचतील.

भाचा : गुलमर्ग?

मामा : त्या घरचा नकार हलला तर गुलमर्ग. नाय तर औली, आणि थंय कुळीथ नेण्याचीही गरज नाय, त्यांच्या ताटातच आसता.

भाचा : पाचांत एक जण फार घाबरट आहे. त्याच्याजवळ मी राहीन. घाबरलेला माणूस हळूहळू खाली कसा आणायचा ते मला कळतं.

मामा : तेच तू करायचं नाय. तुला स्वतःला थांबता येत नसताना तू त्याचा हात धरणार, आणि दोघे एकमेकांवर पडणार. मित्राने मित्राला उतारावर शिकवायचं नाही. तो घाबरला तर शिकवणारा बघील, त्याचे पैसे दिलेत. नाहीच जमलं तर तो खाली बसून चहा पिईल, त्याचा हट्ट धरायचा नाय.

भाचा : मग मी थंय करू काय?

मामा : पड.

ह्याला भाच्याकडे उत्तर नव्हतं. माणसांना पडू न देणं हीच ज्याची रोजी, त्याला हे काम अवघड जाणार, पण ते त्याचं तो बघील. कागद पुन्हा लिहिला गेला. शिकवणारा सगळ्यात वर, पाच दिवस. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, हातमोजे. रेल्वे स्लीपर, जाऊन येऊन. खोली तंगमर्गला, नाहीतर औलीच्या खाली जोशीमठला. शेकोटी गेली, खिडकी गेली, गोंडोलाचा वरचा टप्पा गेला. मामांनी ड्रोनवरही पेन टेकवलं होतं. तेवढं मात्र भाच्याने खोडू दिलं नाही.